गार्लिक ब्रेडच्या निमित्ताने

गार्लिक ब्रेडमध्ये खरं पाहिलं तर दोनच गोष्टी असतात. लसूण आणि पाव. (लोणी असतं, पण लोण्याबद्दल आमच्या घराण्यात कधी कोणाची तक्रार नव्हती!) गंमत अशी की या दोन्ही गोष्टींना माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात मज्जाव होता.

आजी साताऱ्याची. तिच्याकडे पाव यायचा तो घरात कोणी तापाने फणफणलं तरच. डॉक्टरांनी 'दूध-पाव द्या' म्हटलं की आजोबा रुमालात गुंडाळून पाव आणायचे, आणि आजाऱ्याने तो ओसरीवर बसून, कपातल्या दुधात बुडवून खायचा. तो कप वेगळा घासला जायचा. लसणाची स्थिती थोडी बरी. लसूण पडवीतल्या शिंकाळ्यात, करवंटीत असायचा. चातुर्मासात मात्र तीही करवंटी रिकामी. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी, त्या दिवशी घरातला कांदा-लसूण संपवून टाकायचा आणि मग थेट कार्तिकी एकादशीनंतर भेट.

आता वाळूजला आमच्या कॉलनीत रात्री दहा वाजता मोटरसायकलवरून चौकोनी खोकं येतं, त्यातून गार्लिक ब्रेडचा वास जिन्यात पसरतो, आणि कुठल्याही मजल्यावरची कुठलीही आजी दार लावून घेत नाही. दोन पिढ्यांत हे कसं झालं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळत होता. थोडं वाचलं, थोडं आठवलं, बरंचसं करून पाहिलं. ते सगळं इथे लिहून ठेवतेय.

आधीच एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मामी फोन करून विचारेल. 'आपल्याकडे चालायचं नाही' असं मी लिहिते तेव्हा हे 'आपल्याकडे' म्हणजे महाराष्ट्र नव्हे, आमच्यासारखी सोवळ्या-ओवळ्याची काही घरं. बाकी महाराष्ट्र लसूण-तिखटावरच जगला आहे. मराठवाड्यात तर लसणाशिवाय ठेचा हे वाक्यच पुरं होत नाही. पण नियम करण्याचं काम ज्यांच्या हातात होतं त्यांनी या दोन पदार्थांना बाजूला बसवलं होतं, म्हणून त्यांचा इतिहास थोडा बघण्यासारखा आहे.

आधी पाव. पाव पायाने तुडवून करतात म्हणून 'पाव', असं लहानपणी मला एका काकांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं होतं. चार तुकड्यांतला एक म्हणून पाव, अशीही एक व्युत्पत्ती ऐकलेली आहे. दोन्ही आपल्या मनाचे खेळ. शब्द पोर्तुगीज, 'पाओं', आणि त्याच्या मागे लॅटिन 'पानिस'. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, वसई त्यांच्याकडे आली १५३४ मध्ये. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा, आणि चर्चमधल्या प्रार्थनेलाही गव्हाची भाकरी हवी. गहू मिळाला, पण पीठ फुगवायचं कशाने? युरोपातलं खमीर इथे कुठून आणणार? मग माडाची ताजी माडी, जिला गोव्यात सूर म्हणतात, ती पिठात घातली गेली. माडी झाडावरून उतरवल्यापासूनच फसफसायला लागते, म्हणजे त्यातलं यीस्ट कामाला लागलेलंच असतं. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, हाही शब्द पोर्तुगीजच. याच गोवेकर पोदेरांनी पुढे मुंबईत बेकऱ्या टाकल्या.

आणि मग ती विहिरीची गोष्ट. पाद्री गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकायचे, लोक नकळत पाणी प्यायचे आणि गावच्या गाव बाटायचं. ही आख्यायिका कोकणात, वसईकडे आणि देशावरसुद्धा पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. मला या गोष्टीत पाद्र्यांपेक्षा आपलेच लोक जास्त दिसतात. पाण्यात पडलेल्या तुकड्याने धर्म बदलत नाही. धर्म बदलतो तो शेजारी, भाऊबंद, व्याही 'आता तुम्ही आमच्यात नाही' म्हणतात तेव्हा. तुकडा टाकणारा एक असेल, पण दार लावणारं सगळं गाव होतं.

बरं, आक्षेप आंबवण्याला होता म्हणावं तर तेही नाही. आंबोळी आम्ही खात होतो, जिलबी तर देवाला दाखवत होतो. आक्षेप होता तो कोणाच्या हाताने पीठ मळलं याला. पावाचं पीठ ख्रिस्ती मळायचा, मुसलमान मळायचा, आणि त्यात पाणी असायचं. एवढं पुरे होतं.

म्हणूनच पाव खाणं हे एकेकाळी बंड होतं. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा स्थापन झाली. तिच्या पुढाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं आणि ज्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात तेच. या मंडळीत शिरायचं तर जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञा घ्यायची, आणि ती खरी करून दाखवण्यासाठी ख्रिस्त्याने भाजलेला पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाने आणलेलं पाणी प्यायचं. विचार करा, मराठी व्याकरण लिहिणारी माणसं दारं-खिडक्या लावून, आवाज न करता पाव खातायत! सभासदांची यादी गुप्त होती. १८६० मध्ये ती चोरीला गेली आणि नावं फुटली. मंडळीचं तिथेच विसर्जन झालं. भल्याभल्यांचं धैर्य पावाच्या एका तुकड्यावर अडकलं होतं. हसण्याआधी थोडं थांबावंसं वाटतं, कारण नाव फुटलं असतं तर मुलीचं लग्न, बापाचं श्राद्ध, मेल्यावर खांदा, सगळंच अडलं असतं. पुढे १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. त्यात याच मंडळीतले काही होते, पण तिथे पाव खायची अट नव्हती.

पुण्याचं पंचहौद मिशनचं प्रकरण तुम्हाला माहीत असेलच. ऑक्टोबर १८९०. गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, विक्षिप्त गृहस्थ) शहरातल्या प्रतिष्ठितांना मिशनमधल्या व्याख्यानाला नेलं. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघंही त्या यादीत, आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावं लागलं. बिस्किट म्हणजे पावाचंच भावंडं, तेव्हा हे याच इतिहासातलं एक पान.

आता लसूण. लसणावरचा राग पावापेक्षा फार जुना. अमृत वाटताना राहूने रांगेत घुसून घोट घेतला, विष्णूने त्याचं डोकं उडवलं, आणि रक्ताचे थेंब जमिनीवर पडले त्यातून लसूण उगवला. म्हणजे गुण अमृताचे, जन्म असुराचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांना वर्ज्य आहेत. पण वैद्यांना लसूण सोडवेना. त्यांनी त्याला रसोन म्हटलं. सहा रसांपैकी एक, आंबट, तेवढा याच्यात उणा, बाकी पाच हजर, म्हणून रस-ऊन. एखाद्याला नावं ठेवायची आणि त्याच्याशिवाय चालतही नाही, तसला हा प्रकार.

या ओढाताणीवरचा सर्वात सुंदर तोडगा एका भूर्जपत्राच्या हस्तलिखितात सापडतो. बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला ते मध्य आशियात कुचा इथे मिळालं, १८९० साली. (म्हणजे पुण्यात चहाचं प्रकरण झालं त्याच वर्षी!) हस्तलिखित दीड हजार वर्षांच्या आसपास जुनं, आणि सुरुवातीलाच लसणाची स्तुती. त्यात सांगितलंय, ब्राह्मण लसूण खात नाहीत, तर त्यांनी काय करावं? गायीला तीन रात्री जवळजवळ गवताशिवाय ठेवावं, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असं मिसळून चारावं. त्या गायीचं दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणाने घ्यावं. रोगही जाईल आणि आचारही राहील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसले. मग वाटलं, आपण तरी काय वेगळं करतो? मधे एक गाय उभी केली की सगळं चालतं. फक्त गाय दर काळात वेगळी.

पावाच्या बाबतीत ही गाय म्हणजे मेणकागदाचं पाकीट. १९६५ मध्ये सरकारने मॉडर्न बेकरीज काढली. ऑस्ट्रेलियाच्या मदतीने यंत्रं आली, आणि कापलेल्या ब्रेडची पाकिटं शहरोशहरी पोचली. (ती कंपनी सरकारने २००० साली हिंदुस्थान लिव्हरला विकली.) पाकिटातल्या ब्रेडला हात नसतात. कोणी मळला, कोणी भाजला, काही दिसत नाही. पाव न चालणाऱ्या कितीतरी घरांत 'ब्रेड' आला तो असा. आमच्या आईने आयुष्यभर सँडविच केले, पण ती त्याला पाव म्हणायची नाही, ब्रेडच म्हणायची. पाव वेगळा, ब्रेड वेगळा!

दुसरी वाट दिवाळीची. तूप, साखर, मैदा कालवून ते पत्र्याच्या डब्यात घालून बायका बेकरीत न्यायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. आजीसुद्धा न्यायची. पीठ आपलं, तूप आपलं, फक्त भट्टी त्याची. त्या नानकटाईतला 'नान' म्हणजे फारसी भाषेतली भाकरी, हे तिला कोणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

लसूण आणि पाव यांचं लग्न मात्र बाहेर लागलं. इटलीत मध्यभागाकडचे शेतकरी शिळी भाकरी विस्तवावर भाजायचे, गरम असतानाच लसणाची पाकळी तिच्यावर घासायची, वरून ऑलिव्हचं तेल. ब्रुस्केटा तो हाच. आपल्याकडे ज्वारीची गरम भाकरी, तिच्यावर लसणाचा ठेचा आणि करडईच्या तेलाची धार असते, त्याचाच भाऊ. हातात पैसा कमी आणि भूक जास्त असली की सगळीकडची माणसं एकाच पदार्थाला पोचतात. इटालियन माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली, तिथे ऑलिव्हचं तेल महाग आणि लोणी स्वस्त, पावही जास्त मऊ. मग तेलाच्या जागी लोणी आलं आणि विसाव्या शतकात तिथल्या इटालियन खाणावळींतून आज आपण ओळखतो तो गार्लिक ब्रेड तयार झाला. आपल्याकडे तो पिझ्झ्याचं शेपूट धरून आला. १९९६ साली डॉमिनोजचं पहिलं दुकान दिल्लीत आणि पिझ्झा हटचं बंगळूरला उघडलं, आणि मग पुढे गावोगावी.

पण थांबा. दादरला अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. त्या पावाला आतून काय लावतात? लसणाची सुकी लाल चटणी. म्हणजे पाव आणि लसूण एकत्र आणून महाराष्ट्राने तीस वर्षं आधीच आपला गार्लिक ब्रेड करून टाकला होता. गिरणीतून सुटणारा माणूस दोन मिनिटं उभं राहून तो खाई, आणि शेजारी कोण उभा आहे हे विचारायला वेळ नसे.

हेच मी वाळूजला पाहिलं. वाळूज म्हणजे गंगापूर तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव, शहरातून नगर-पुण्याकडे जाताना लागणारं. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना इथल्या एमआयडीसीत सुरू झाला आणि मागोमाग शेकडो लहानमोठे कारखाने आले. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी या गावांच्या शेतांत खोल्या उगवल्या. बीड, जालना, परभणीची पोरं आली, पुढे बिहार-उत्तर प्रदेशची. मी १९९४ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या रस्त्यावर डांबर नव्हतं, पण बेकरी होती. लाकडाची भट्टी, उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर, आणि पहाटे पाचला सायकलच्या मागे लाद्या बांधून निघालेली मुलं. पहिल्या पाळीच्या आधी टपऱ्यांवर पाव पोचायला हवा ना!

नवरा कंपनीच्या कँटीनच्या गोष्टी सांगायचा. स्टीलचं ताट, उसळ, लादीपावाची जोडी, लांबलचक बाक. एका बाकावर पैठणचा, परळीचा, आझमगढचा. ताट कोणी वाढलं, उसळ कोणी केली, पाव कुठून आला, कोणी विचारत नसे, कारण भोंगा वाजायला बारा मिनिटं उरलेली असत. परमहंस मंडळीने दार लावून जे केलं ते इथे रोज तीन पाळ्यांत होत होतं, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. अर्थात त्याच बाकावरचा माणूस संध्याकाळी भाड्याची खोली बघायला गेला की घरमालक आधी आडनाव विचारायचा. कँटीनला जे जमलं ते खोलीला नाही जमलं. अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

आमच्या इथे हायवेलगत एक पंढरपूर आहे, छोटं पंढरपूर म्हणतात. आषाढीला तिथे एवढी गर्दी लोटते की रस्त्याची वाहतूक वळवावी लागते. त्या दिवसांत सासूबाईंचा कांदा-लसूण बंद असायचा, आणि नेमकी त्याच आठवड्यात मुलांच्या शाळेची गडबड, डब्याला काहीतरी वेगळं हवं. तर आमच्याकडे कांदेनवमीला कांदाभजी, लसणाची चटणी, भरीत यांच्या जोडीला मी गार्लिक ब्रेड करायला लागले. लसूण संपवायचाच आहे ना, मग असा संपवू! नणंदेने याला 'लसूणनवमी' नाव ठेवलं आहे :-)

तर आता कृती. दोन प्रकार आहेत, एक घाईचा, एक रविवारचा.

आधी लसूण, कारण सगळं त्याच्यावर आहे. गावरान लसूण घ्या, बारीक पाकळ्यांचा. सोलायला जीव जातो, पण कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकला की सालं सुटतात. पाव किलो मैद्याच्या ब्रेडला अशा पंधरा-वीस पाकळ्या लागतात. खलबत्त्यात ठेचा आणि लगेच लोण्यात घालू नका, दहा मिनिटं तसाच ठेवा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, हे लक्षात आलंय का कधी? आत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, ॲलिइन आणि ॲलिइनेज. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही भेटतात आणि ॲलिसिन तयार होतं. झणका येतो तो त्याचा. उष्णता लागली की हे काम थांबतं, म्हणून आधी भेटू द्यायचं आणि मग आचेवर न्यायचं. फोडणीत अख्ख्या पाकळ्या टाकल्या तर लसूण गोडसर लागतो आणि ठेचून टाकला तर तिखट, त्याचं कारणही हेच.

मग ५०-६० ग्रॅम मऊ लोणी (वितळलेलं नको), त्यात हा लसूण, चिरलेली कोथिंबीर, थोडं मीठ. लोणी घरचं असेल तर ताक नीट धुऊन काढा, नाहीतर पाव ओला होतो. विकतच्या पिवळ्या लोण्यात मीठ असतंच, तेव्हा हात आखडता.

घाईचा प्रकार म्हणजे लादीपाव. पाव मधून उघडायचा, लोणी-लसूण सढळ हाताने लावायचा, आणि मंद तव्यावर आधी पाठ, मग लोण्याची बाजू अगदी अर्धा मिनिट. लसूण काळा झाला की कडू होतो आणि मग कितीही चीज किसलं तरी तो कडूपणा जात नाही.

रविवारचा प्रकार असा. पाव किलो मैदा, म्हणजे साधारण दोन वाट्या. लहान चमचाभर कोरडं यीस्ट, तेवढीच साखर, पाऊण चमचा मीठ, मोठा चमचा तेल, आणि पाऊण ते एक वाटी कोमट पाणी. पाणी बोटाला ऊन लागेल एवढंच, कडकडीत पाण्यात यीस्ट मरतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं. सुरुवातीला ते हाताला इतकं चिकटतं की अजून मैदा घालायचा मोह होतो. घालायचा नाही. दहा मिनिटं ओढत, आपटत मळत राहायचं. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांना धरतात, त्यांची जाळी होते आणि पीठ आपोआप हात सोडतं. मग झाकून ठेवायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून वायू आणि थोडं मद्य तयार होतं. वायू त्या जाळीत अडकून पीठ फुगतं, मद्य भट्टीत उडून जातं. वाळूजच्या एमआयडीसीत बिअरचे कारखानेही आहेत आणि तिथल्या टाक्यांत साधारण याच यीस्टचे भाऊबंद राबत असतात. त्यांना मद्य हवं असतं, आपल्याला वायू, एवढाच फरक. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत अर्ध्या तासात पीठ दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तास लागतात. घड्याळ बघू नका, पीठ बघा.

लसूण पिठातच मळला तर? पुष्कळजण विचारतात. मळू नये. ॲलिसिन बुरशीच्या जातीच्या जिवांना मारक असतं, आणि यीस्ट त्याच जातीचं. कच्चा लसूण जास्त झाला तर पीठ फुगत नाही आणि जाळीही ढिली पडते. म्हणून लसूण लोण्यात आणि लोणी वर. फुगलेलं पीठ हलक्या हाताने दाबून, बोटाएवढी जाड पोळी थापायची, अर्ध्यावर लसूण-लोणी (वाटलं तर मक्याचे दाणे, चीज) पसरायचं, दुमडून अर्धचंद्र करायचा, वरून लोणी, आणि सुरीने आरपार न कापता खाचा द्यायच्या. पुन्हा वीस मिनिटं विश्रांती. ओव्हन २०० अंशांवर, पंधरा मिनिटं.

ओव्हन म्हणजे लाइट असेल तर! २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवतात का? पीठ फुगून टम्म आणि लाइट सहा तास गायब. तेव्हा मी कुकर वापरायला शिकले. कुकरच्या तळाशी दोन वाट्या जाड मीठ, त्यावर कडं, शिट्टी आणि रबर काढून टाकायचं, दहा मिनिटं तापवायचं, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटं. वरून तेवढा तांबूस होत नाही, पण खालचा कुरकुरीतपणा ओव्हनपेक्षा सरस. अजूनही कधीकधी मुद्दाम असाच करते.

हे सगळं लिहिताना मला मात्र एका वेगळ्याच भाकरीची आठवण येत राहिली. आमच्या शहराची स्वतःची खमिराची भाकरी आहे, नान. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्याच्या लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर करायला सोपं म्हणून नान आणि खलिया हे जेवण सुरू झालं, असं इथे सांगतात. सुलतान परत गेला, नान राहिली. पुढे मलिक अंबरचं खडकी, औरंगजेबाचं औरंगाबाद, निजामाची राजवट, १९४८, आणि २०२३ मध्ये बदललेलं नाव, या सगळ्यांतून ती राहिली. जुन्या शहरात शहागंज, सिटी चौक भागात भट्ट्यांवर आजही मिळते. मोठाली, जाडसर, वरून सोनेरी, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ.

पोर्तुगीज पाव यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही भाकरी आहे. आमच्या कॉलनीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. आणि आमच्या जिन्यातल्या बारा घरांपैकी किती घरांत ती आली असेल? मी विचारून पाहिलं. दोन. त्यातलं एक आमचं. गार्लिक ब्रेड बाराही घरांत आलेला आहे. मैदा तोच, खमीर तेच, विस्तव तोच. अमेरिकेहून खोक्यात बसून आला त्याला वीस वर्षांत पाटावर बसवलं, आणि सातशे वर्षं शेजारी राहते तिला अजून ओसरीवरच. 'त्याच्याबरोबर मटण असतं ना' असं एकीने कारण सांगितलं. असतं. पण पिझ्झ्याच्या त्याच दुकानात कोंबडीही असतेच की. त्या भट्टीत मळणारे हात दिसतात, खोक्यात दिसत नाहीत. मला तरी दुसरं कारण सापडलं नाही.

असो. तर नानचा गार्लिक ब्रेड मी आताशा करते आणि तो मैदा मळून केलेल्यापेक्षा चांगला होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नान आधीच तंदूरात भाजलेली असल्यामुळे तिला धुराचा बारीक वास असतो. शहागंजहून आणलेली नान दुसऱ्या दिवशी घ्यायची, चार बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, पाण्याचा हलका हात फिरवायचा. झाकण ठेवून तव्यावर दोन मिनिटं, मग लसूण-लोणी लावून उलटायच्या. कोथिंबिरीऐवजी लसणाचीच हिरवी पात मिळाली, थंडीत मिळते, तर ती घालायची.

मुलं खातात, नवरा खातो, नणंद पुण्याहून आली की मागून घेते. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. चातुर्मास सोडून गार्लिक ब्रेड खातात, मऊ असला तर दोन तुकडे. नानचा केला त्या दिवशी ताटली पुढे केली तर त्यांनी वास घेतला, 'लसूण चांगला लागलाय' म्हणाल्या, आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे.